सही आई-बापांची, देश मुलांचा

१९ डिसेंबर १९९८ या दिवशी तमिळनाडूतून सिंगापूरला जाऊन स्थिरावलेल्या एका जोडप्याने सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं. बाई तेव्हा गरोदर होती. पुढच्या मार्चमध्ये मुलगा झाला, तो जन्मतःच सिंगापूरचा नागरिक. अठरा पूर्ण झाल्यावर, मे २०१७ मध्ये, त्या मुलाने भारत सरकारकडे अर्ज केला. आई-वडील भारतीय होते, आजी-आजोबा भारतीय होते, मलाही भारतीय व्हायचं आहे, एवढंच त्याचं म्हणणं. गृहमंत्रालयाने अर्ज फेटाळला. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८ ऑक्टोबर २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला.

वर्तमानपत्रांत ही बातमी एका कोपऱ्यात आली आणि गेली. परदेशात स्थायिक होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मराठी घराने ती कापून ठेवायला हवी होती, असं मला वाटतं.

मुद्दा असा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात माणसाच्या स्वतःच्या कृतीने भारतीयत्व संपण्याच्या दोन वाटा आहेत. कलम ८ ची वाट आपण होऊन त्याग करण्याची. सज्ञान माणसाने तसं घोषणापत्र द्यायचं, सरकारने ते नोंदवायचं. आई किंवा वडिलांनी असा त्याग केला की त्यांच्या अज्ञान मुलांचंही नागरिकत्व जातं. मात्र मूल अठरा वर्षांचं झालं की पुढच्या एका वर्षाच्या आत त्याने ‘मला परत यायचं आहे’ असं लिहून दिलं की ते पुन्हा भारतीय. कलम ९ ची वाट वेगळी. तुम्ही स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत, की त्या क्षणी भारताचं आपोआप संपलं. अर्ज नको, घोषणा नको. आणि या वाटेवर मुलांसाठी परतीची काहीही सोय लिहिलेली नाही. सिंगापूरच्या त्या आई-वडिलांचं नागरिकत्व कलम ९ ने गेलं होतं, म्हणून कलम ८ मधली सवलत मुलाला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. कायद्याचे शब्द स्पष्ट असताना त्यांत नवा अर्थ घालता येणार नाही, ही न्यायालयाची भूमिका.

कायदा वाचला तर निकाल चूक वाटत नाही. पण जरा व्यवहारात उतरून बघा. अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात राहणारा कुठला माणूस नवं नागरिकत्व हातात पडायच्या आधी भारताचं सोडेल? मधल्या काळात तो कुठल्याच देशाचा उरणार नाही. माणसं आधी तिकडची शपथ घेतात, मग दूतावासात जाऊन भारतीय पासपोर्ट जमा करतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घर कलम ९ च्याच वाटेने बाहेर पडतं, आणि अठराव्या वर्षी उघडणारी ती एकुलती एक खिडकी त्या घरातल्या मुलांसाठी भिंतीवर रंगवलेली ठरते. संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८. यातल्या कितीतरी घरांत शाळेत जाणारी मुलं आहेत. सही आई-बापांची, परिणाम त्यांच्यावर.

अडचण तिकडच्या कायद्यातही आहे. न्यू जर्सीत एडिसनला एक घर आहे. नवरा पुण्याचा, बायको साताऱ्याची. थोरली मुलगी पुण्यात २००७ मध्ये जन्मली, तीन वर्षांची असताना आई-बाबांबरोबर आली. धाकटा तिथलाच, २०१२ चा. दोघंही रविवारी मराठी शाळेत जाऊन बाराखडी शिकले, दोघंही एकाच पिवळ्या बसने शाळेत गेले. पण मुलगी भारतीय पासपोर्टवर, आश्रितांच्या एच-४ व्हिसाची, मुलगा अमेरिकी नागरिक. बाबा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, आई एच-४ वर. एका घरात, एका जेवणाच्या टेबलावर, तीन तऱ्हेचे कायदे बसतात.

मुलीने कॉलेजचे अर्ज भरायला घेतले तेव्हा नागरिकत्वाच्या रकान्यापाशी थांबून तिने स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, “आई, इथे काय लिहू?” आईने सांगितलं, “इंडिया लिही गं.” मुलीने लिहिलं. त्या एका शब्दाने तिला सरकारी आर्थिक मदत बंद झाली आणि बऱ्याच कॉलेजांत ती परदेशी विद्यार्थ्यांच्या फी-गटात जाऊन बसली. बालवाडीपासून तिथे शिकलेली मुलगी.

याचं मूळ ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. नोकरीच्या आधारे दरवर्षी १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात. त्यांतच अर्जदाराचे जोडीदार आणि मुलंही मोजली जातात, आणि एका देशात जन्मलेल्यांना ढोबळमानाने ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. भारतातून गेलेल्या इंजिनियरांची संख्या बघता रांग तुंबणारच. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईबी-२ या नोकरीच्या वर्गात भारतीयांसाठी चालू असलेली तारीख होती एप्रिल २०१३, म्हणजे त्याआधीच्या अर्जांचाच नंबर लागत होता. या घरातल्या बाबांचा अर्ज २०१५ चा.

मुलगी २१ ची झाली की अमेरिकी कायद्याच्या नजरेत ती ‘मूल’ राहत नाही आणि वडिलांच्या अर्जातून गळते. तिथले लोक याला ‘एज-आउट’ म्हणतात, मराठी घरांतही हाच शब्द ऐकू येतो. यावर उतारा म्हणून २००२ मध्ये एक कायदा झाला. कंपनीने केलेला अर्ज सरकारदरबारी जितके दिवस पडून राहिला, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा धरायचे. पण अर्ज पाच-सहा महिन्यांत मंजूर झाला असेल तर वजा होणार पाच-सहा महिनेच. पुढे रांगेत गेलेली दहा वर्षं त्यात धरली जात नाहीत. शिवाय वय ग्रीन कार्डच्या तारखांच्या कुठल्या तक्त्याप्रमाणे मोजायचं, हेही बदलत राहतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या स्थलांतर खात्याने मुलांना सोयीचा तक्ता धरला, आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी तो पुन्हा बदलून कडक केला. अडीच वर्षांत एकाच मुलीचं कायदेशीर वय दोनदा बदलतं, हे तिला कोणत्या भाषेत समजवायचं?

धाकटा २१ चा झाला की आई-वडिलांसाठी अर्ज करू शकेल आणि त्यांचं काम तुलनेने लवकर होईल. बहिणीसाठीही करू शकेल, पण भावंडांच्या वर्गात भारतीयांसाठी आज जवळपास वीस वर्षांपूर्वीचे अर्ज निघताहेत. बहीण तोवर पन्नाशीकडे झुकेल.

समजा बाबांना वेळेत ग्रीन कार्ड मिळालं. पाच वर्षांनी ते नागरिक होतील. अमेरिकेच्या २००० सालच्या एका कायद्याप्रमाणे, ग्रीन कार्ड असलेलं आणि आई किंवा वडिलांजवळ राहणारं अठरा वर्षांच्या आतलं मूल पालकाच्या शपथेबरोबर आपोआप नागरिक होतं. अठरा वर्षं आणि एक दिवस झाला असेल तर त्याला स्वतःचा अर्ज, स्वतःची परीक्षा, स्वतःची शपथ. म्हणून तिथली जाणती मंडळी नव्या जोडप्याला भेटली की नोकरीच्या आधी मुलांची जन्मतारीख विचारतात. हा चौकसपणा मला फार मोलाचा वाटतो.

एडिसनच्या त्या घरात एक निळं प्लास्टिकचं फोल्डर आहे, त्यात मुलीचा जन्मदाखला आहे. दोन दाखले आहेत खरं तर. पहिल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा. हे आपल्याकडे घरोघरी घडतं. बाळंतपण झालं की दवाखाना जन्माची नोंद पाठवून देतो, बारसं होतं नंतर, आणि नाव नोंदवायचं राहूनच जातं. कायद्याप्रमाणे वर्षभरात नाव फुकट चढवता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. या मुलीचं नाव आजोबांनी महापालिकेत खेपा घालून चढवलं, तेव्हा ती पाचवीत होती. दाखल्यावर आईचं नाव माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं, ही दुसरी अडचण. ही एकच बाई आहे, हे सिद्ध करायला विवाहनोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लागलं. परदेशी अधिकाऱ्याला आपली नावांची पद्धत ठाऊक नसते. त्याला मधलं नाव बापाचं का आणि लग्नानंतर बाईचं पहिलं नावसुद्धा कधी कधी का बदलतं, हे कागदाने सांगावं लागतं. निघण्याआधी आठवडाभर खर्चून हे दाखले जुळवून घ्यावेत. तिकीट काढण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

परदेशात जन्मणाऱ्या बाळाबद्दल तर आपल्याकडे गैरसमजच जास्त. आई-बाप भारतीय म्हणजे मूल भारतीय, असं धरून चालतात. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेलं मूल वंशाने भारतीय ठरतं ते जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद झाली तर. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. नोंदीच्या वेळी आई-वडिलांनी लिहून द्यायचं असतं की या मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आखातात आहेत. तिथे जन्माने नागरिकत्व मिळत नाही, म्हणून ती मंडळी ही नोंद डोळ्यांत तेल घालून करतात. अमेरिकेतल्या जोडप्यांना तिची गरज वाटत नव्हती. पण २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर तिथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व मानायचं नाही. एच-१बीवरची हजारो घरं थेट त्यात येत होती. जन्मभूमीचा हा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये वाँग किम आर्क या चिनी आई-बापांच्या मुलाच्या खटल्यात पक्का केला होता. न्यायालयांनी नवा आदेश रोखला, वाद वरपर्यंत गेला. पण त्या काळात दिवस भरत आलेल्या पोरींनी आपल्या आयांना फोन करून काय विचारलं असेल, याची कल्पना करता येते. अशा घरांनी वकिलातीतल्या त्या एका वर्षाच्या मुदतीची आठवण ठेवावी. वकील काहीही सांगोत, ती मुदत आपली आहे.

परदेशात जन्मलेल्या मुलांच्या नोंदीच्या याच कलमात २००३ च्या दुरुस्तीने एक तरतूद घातली आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. वंशाने भारतीय असलेलं अज्ञान मूल दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने दुसरं नागरिकत्व सोडावं. न सोडल्यास भारताचं जातं. म्हणजे दुहेरी नागरिकत्वाला ठाम नकार देणाऱ्या आपल्या कायद्याने मुलांच्या बाबतीत, अठरापर्यंत, दोन देशांची शक्यता मान्य केली आहे. निर्णय सज्ञान झाल्यावर मुलाने घ्यावा, हे तत्त्व कायद्यात एका ठिकाणी तरी लिहिलेलं आहे.

गोव्यात ही गोष्ट आणखी खोल जाते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मार्च १९६२ च्या आदेशाने २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेले, किंवा ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा तिथे जन्मले होते, ते भारतीय नागरिक ठरले. ज्यांना आधीचंच नागरिकत्व ठेवायचं होतं त्यांना महिनाभराची मुदत होती. फादर मोंतेरो यांनी पोर्तुगीज राहणं निवडलं, त्यावरून खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ च्या त्या निकालाचा उल्लेख आजही होतो. पोर्तुगालने मात्र गोव्याचं भारतात जाणं मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, तिथली हुकूमशाही कोसळल्यावर. आणि पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांचा, त्यांच्या मुलांचा आणि नातवंडांचा नागरिकत्वाचा हक्क त्या देशाच्या कायद्याने शाबूत राहिला.

तो वापरायचा म्हणजे लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवायचा. आधी आजोबांचा, मग वडिलांचा, मग मुलाचा. साखळीतली एक कडी निसटली की पुढचं सगळं अडतं. सासष्टीत, बार्देशात या कामावर कितीतरी एजंटांची दुकानं चालतात. जुन्या पोर्तुगीज नोंदीत आजोबांचं नाव एका स्पेलिंगने, मतदार यादीत दुसऱ्या, चर्चच्या वहीत तिसऱ्या. ती जुळवताना माणसं वर्षानुवर्षं घालवतात. मुलं लहान असताना हे काम सोपं जातं म्हणून वडिलांबरोबर तिसरी-चौथीतल्या मुलांचीही नोंद होऊन जाते.

इथेच पेच पडतो. गोंयकार म्हणतात, लिस्बनला जन्म नोंदवला म्हणजे फक्त असलेला हक्क कागदावर आणला. दुसरं नागरिकत्व ‘घेतलं’ असं नाही. भारत सरकार ते तसं बघत नाही. पोर्तुगीज ओळखपत्र हाती आलं की भारतीय पासपोर्ट अवैध. मग तो जमा करायचा की रद्द होऊ द्यायचा, आणि रद्द झाल्याचं प्रमाणपत्र परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डासाठी चालेल का, या प्रश्नावर परराष्ट्र मंत्रालयाला २०२४ मध्ये परिपत्रक काढावं लागलं, इतकी माणसं अडकली होती. आणि या सगळ्यात मडगावच्या शाळेत जाणारा, आजीच्या घरात राहणारा, अजून विमानातही न बसलेला मुलगा एका सकाळी आपल्याच वाड्यात परदेशी झालेला असतो.

ज्या कारणासाठी हे केलं तेही बदललं. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे स्विंडन, साउथॉल, लेस्टर असं समीकरण होतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ३१ डिसेंबर २०२० ला मुक्त संचार संपला. आधी तिथे राहत असलेल्यांना हक्क नोंदवायची मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये नोकरी करायची तर इतर परदेशी लोकांसारखा व्हिसा लागतो. युरोपातल्या इतर देशांत जाता येतं, पण तिथे भाषा नवी. घरातल्या मोठ्यांनी ब्रिटन डोळ्यांपुढे ठेवून मुलांचं भारतीयत्व देऊन टाकलं, आणि ब्रिटनच हातातून गेलं. अशा घरांत कुणी कुणाला दोष देत नाही. आईवडिलांनी भल्यासाठीच केलं होतं.

आता परत येणाऱ्यांकडे वळू या. पुण्यात बाणेर-बालेवाडीत, मुंबईत पवईला, अशी घरं पुष्कळ आहेत. म्हाताऱ्या आई-बाबांसाठी, कधी नुसत्या कंटाळ्याने, माणसं परततात. मुलांकडे ओसीआय कार्ड असतं. राहता येतं, शिकता येतं, बहुतेक नोकऱ्या करता येतात. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी जवळपास बंद. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने सातबाऱ्यावर नाव लागू शकतं. हे बहुतेकांना माहीत असतं. बारावीला मात्र धक्का बसतो. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय मुलांना नीटसारख्या परीक्षांतून फक्त अनिवासी भारतीयांच्या जागांवर प्रवेश मिळेल असं ठरलं. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम पुढच्या कार्डांपुरताच धरला: ज्यांना कार्ड ४ मार्च २०२१ नंतर मिळालं, त्यांनाच हा नियम. आधीच्या मुलांचा सर्वसाधारण जागांवरचा हक्क टिकला. म्हणून आज दहावीत असलेल्या ओसीआय मुलाच्या पालकांनी पहिलं काम करावं ते कार्डावरची तारीख बघण्याचं. अनिवासी जागांची फी इतकी असते की डॉक्टर व्हायचा विचार त्या एका तारखेवर सुटू शकतो.

त्याहून विचित्र गोष्ट आंध्र प्रदेशात २००६ मध्ये जन्मलेल्या एका मुलीची. आई-वडील मूळचे भारतीय, पण तिच्या जन्माच्या वेळी दोघंही अमेरिकी नागरिक आणि ओसीआय. मुलगी इथेच वाढली, इथेच शिकली. पासपोर्ट मागायला गेली तेव्हा कळलं की ती भारतीय नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर इथे जन्मलेलं मूल भारतीय ठरायला आई-वडिलांपैकी किमान एक जण नागरिक असावा लागतो. तिच्याकडे दुसऱ्या कुठल्या देशाचाही पासपोर्ट नव्हता. मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला भारतीय वंशाची मानून दिलासा दिला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. परत येऊन इथे संसार थाटणाऱ्या दोन ओसीआय पालकांनी दुसऱ्या बाळाआधी हा नियम वाचावा.

बाकी देशांचे नियम ज्याचे त्याने तपासावेत. सगळे इथे मांडत नाही. दोनच सांगतो. ऑस्ट्रेलियात जन्मलेलं मूल, आई-बाप तात्पुरत्या व्हिसावर असले तरी, वयाच्या दहा वर्षांपर्यंत तिथेच राहिलं तर दहाव्या वाढदिवशी आपोआप नागरिक होतं. ब्रिटनमध्येही जन्मून पहिली दहा वर्षं तिथे काढलेल्या मुलाला नोंदणीचा हक्क आहे, पण अर्ज करावा लागतो. नवव्या वर्षी नोकरी बदलून सिंगापूरला किंवा बंगळुरूला जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

नागरिकत्व हरवून बसलेल्या सज्ञान मुलांना दार पूर्ण बंद नाही. आई किंवा वडील स्वतंत्र भारताचे नागरिक होते, हे दाखवून आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहून नोंदणी मागता येते. ओसीआय म्हणून पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाआधी बारा महिने इथे वास्तव्य असेल, तर त्या वाटेनेही अर्ज करता येतो. अज्ञान मुलाच्या बाबतीत विशेष परिस्थितीत थेट नोंदणी करायचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. सिंगापूरच्या त्या तरुणालाही सर्वोच्च न्यायालयाने ही नोंदणीची वाट दाखवलीच. फरक इतकाच की घोषणापत्र हा हक्क होता. अर्ज ही विनंती आहे, ती मंजूर करायची की नाही हे सरकार ठरवतं. आणि शिकत्या वयात एक आख्खं वर्ष भारतात काढणं प्रत्येकाला जमत नाही.

माझी मागणी मोठी नाही. कलम ८ मध्ये मुलांना दिलेलं ते एक वर्ष कलम ९ मध्येही घालावं. आई-वडिलांनी कुठल्याही वाटेने देश सोडलेला असो, अज्ञानपणी ज्याचं भारतीयत्व गेलं त्या प्रत्येकाला अठराव्या वाढदिवसानंतर वर्षभर ते घोषणापत्र देऊन परत घेता यावं. दुसरं नागरिकत्व सोडण्याची अट त्यासोबत खुशाल असावी. दोन ओळींची दुरुस्ती आहे. न्यायालयाने शब्द स्पष्ट असल्याचं सांगितलं, म्हणजे शब्द बदलायचं काम आता संसदेचं आहे. २००३ मध्ये परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी संसदेने अठरानंतरचे सहा महिने लिहिले होते. भारतात जन्मून, इथल्या अंगणवाडीत बसून, मग आई-बाबांचं बोट धरून विमानात चढलेल्या मुलांसाठीही तशी मुदत लिहिता येईल.